व्हॉइसओव्हर सोडून बाकीचं ऑडिओ काम: एडिटिंग, सिंक, म्युझिक ह्याचे पैसे कसे लावायचे

सुरुवातीच्या दिवसांत मला एक ई-लर्निंगचं काम आलं होतं, २० मिनिटांचं नॅरेशन, स्क्रिप्ट सोपी, मी मिनिटाचा माझा जो रेट होता त्याला २० ने गुणलं आणि कोट पाठवून दिला. क्लायंट लगेच हो म्हणाला. रेकॉर्डिंग एका संध्याकाळी उरकलं. मग मेल आला की प्रत्येक स्लाइडची वेगळी फाइल हवी, ८० स्लाइड, फाइलचं नाव आमच्या पद्धतीने, आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला व शेवटी अर्धा अर्धा सेकंद शांतता. कापणं, नावं देणं, परत ऐकणं ह्यात दोन दिवस गेले. आणि ते दिल्यावर त्यांनी ३४ नंबरच्या जागी एक नवीन स्लाइड घातली, म्हणजे पुढच्या सगळ्या फाइलींचे नंबर बदलले. ते पण मी करून दिलं, फुकट, कारण कोटमध्ये ह्यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं आणि आता मागायचं कुठल्या तोंडाने.

नवीन लोकांशी बोलताना दिसतं की बहुतेकांचं नेमकं हेच होतं. आवाजाचा रेट काय घ्यायचा ह्यावर सगळे विचार करतात, त्याबद्दल विचारतात, रेट गाइड बघतात. पण त्या आवाजानंतर कॉम्प्युटरसमोर जे तास जातात त्यांचा हिशोबच नसतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, तुमच्याकडे पहिला क्लायंट यायच्या आधी एकदा बसून करून ठेवा.

पहिलं: तुमच्या मूळ रेटमध्ये काय येतं ते कागदावर लिहा

हे ठरलेलं नसेल तर "एक्स्ट्रा" कशाला म्हणायचं हेच ठरत नाही. माझ्या मूळ रेटमध्ये काय येतं ते सांगते, तुमचं वेगळं असू शकतं: ठरलेल्या स्क्रिप्टचं रेकॉर्डिंग, चुकलेले टेक काढलेले, तोंडाचे टकटक आवाज आणि नको तिथले श्वास साफ केलेले, आवाजाची पातळी सारखी केलेली, आणि हे सगळं एका फाइलमध्ये, एका फॉरमॅटमध्ये. झालं. ह्याला आपण क्लीन फाइल म्हणतो.

काही क्लायंट, विशेषतः ज्यांच्याकडे स्वतःचा साउंड इंजिनिअर असतो ते, रॉ फाइल मागतात, म्हणजे कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारा) नाही, इक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारा) नाही, काही नाही. तिथे काम कमी असतं पण म्हणून आवाजाचा रेट कमी करू नका, तो तुमच्या वाचनाचा आणि त्यांच्या वापराचा आहे, फार तर एडिटिंगचा भाग वजा करा. ते तरी तुम्ही तो वेगळा काढलेला असेल तरच जमेल.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. तुमच्या खोलीत पंख्याचा आवाज येतो, भिंतींवरून आवाज घुमतो आणि ते काढायला तुम्हाला दोन तास लागतात, तर ते दोन तास क्लायंटच्या बिलात लावायचे नाहीत. स्वच्छ रेकॉर्डिंग देणं ही आपलीच जबाबदारी. पैसे लागतात ते क्लायंटला जास्तीचं काही मिळतंय त्याचे.

दुसरं: घड्याळ लावून मोजा

अंदाजाने कधीच बरोबर येत नाही, सगळे स्वतःला खूप फास्ट समजतात. पुढच्या पाच कामांमध्ये, किंवा अजून कामं नसतील तर पाच सराव स्क्रिप्टमध्ये, प्रत्येक टप्प्याला स्टॉपवॉच लावा. रेकॉर्डिंगला किती, एडिटला किती, परत ऐकायला किती, एक्स्पोर्ट करून नाव देऊन अपलोड करायला किती. मग तयार ऑडिओच्या मिनिटांनी भागा. समजा १० मिनिटांच्या तयार ऑडिओला एडिटिंग ३० मिनिटं लागली तर तुमचं गुणोत्तर ३ ला १. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशोब ह्यावर उभा आहे.

लांब कामांत हे फार जाणवतं. ऑडिओबुकमध्ये तयार एका तासाला साधारण ९,३०० इंग्रजी शब्द धरतात (मराठी स्क्रिप्टचा आकडा स्वतः वाचून काढा, आपले शब्द जोडलेले आणि लांब असतात, शब्दसंख्या कमी भरते). तो एक तास रेकॉर्ड करायला नवख्याला दोन तास लागतात, एडिटला तीन, मग पूर्ण परत ऐकायला किमान एक, सापडलेल्या चुका पुन्हा रेकॉर्ड करून बसवायला अजून. म्हणजे सहा-सात तास गेले. तिथे रेट तयार तासाप्रमाणे ठरतो, त्यामुळे तो ऐकून भुलू नका, आधी सहाने किंवा सातने भागून बघा.

आता तासाचा रेट. महिन्याला तुम्हाला घरखर्च, माइक आणि सॉफ्टवेअर, टॅक्स, थोडी शिल्लक असं मिळून जेवढे लागतात ती रक्कम घ्या. तिला भागायचं कशाने? इथे सगळे १६० तासांनी भागतात, कारण दिवसाचे ८ आणि महिन्याचे २० दिवस. पण त्या १६० मधले किती तास कुणीतरी पैसे देणार आहे? ऑडिशन, मेल, कोट बनवणं, पेमेंटच्या मागे लागणं, सराव, हे सगळं वजा केलं की निम्मे उरले तरी खूप. म्हणून ८० ने भागा. आकडा दुप्पट येईल आणि बघून धसका बसेल, पण तोच खरा आकडा आहे.

तिसरं: एकेक सर्व्हिस घ्या आणि तिचं माप ठरवा

तासाचा रेट हा तुमच्या स्वतःसाठी. क्लायंटला शक्यतो तास सांगू नका, कारण मग हळू काम करणाऱ्याला जास्त आणि हात बसलेल्याला कमी पैसे असं होतं, शिवाय क्लायंटला शेवटी बिल किती येणार ते कळत नाही आणि तो घाबरतो. तासावरून दर फाइल, दर तयार मिनिट, किंवा एकरकमी असा आकडा काढा.

फाइल स्प्लिट आणि नावं. दर फाइल लावा. माझ्या हाताने तासाला साधारण ४० फाइल कापून, नाव देऊन, सुरुवात-शेवट तपासून होतात, म्हणजे एका फाइलचा रेट माझ्या तासाच्या चाळिसाव्या हिश्शाइतका. पहिल्या पाच फाइल मी मूळ रेटमध्येच धरते, त्याच्या पुढे मोजते. नावांची यादी क्लायंटकडून शीटमध्ये आधीच मागून घ्या, रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी, आणि यादी नंतर बदलली तर नाव बदलण्याचे वेगळे हे लिहून टाका.

सिंक. ह्याच्यावर थोडं जास्त बोलते कारण सगळ्यात कमी पैसे लोक इथेच लावतात. क्लायंट म्हणतो "फक्त व्हिडिओला मॅच करून द्या". ह्या "फक्त"मध्ये तीन वेगवेगळी कामं असू शकतात. एक, ढोबळ टायमिंग, म्हणजे प्रत्येक परिच्छेद त्याच्या सीनबरोबर सुरू व्हावा. दोन, वाक्यागणिक टायमिंग, मूळ भाषेतलं वाक्य जिथे सुरू आणि जिथे संपतं तिथेच आपलं. तीन, लिपसिंक, ओठ जुळले पाहिजेत, ते तर पूर्ण वेगळंच काम आहे, त्याचा रेट व्हॉइसओव्हरच्या रेटवरून काढताच येत नाही. म्हणून पहिला प्रश्न नेहमी: कुठलं सिंक?

दुसरा प्रश्न, व्हिडिओ लॉक झालाय का. एडिट चालू असताना सिंक केलं आणि नंतर त्यांनी चार सेकंद कापले की तिथून पुढचं सगळं सरकतं. तिसरा प्रश्न फ्रेम रेटचा, म्हणजे व्हिडिओत सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) येतात त्याचा. तुम्हाला पाठवलेला व्हिडिओ २४ फ्रेमचा असेल आणि फायनल त्याच फ्रेम २५ च्या वेगाने चालवून बनणार असेल तर १० मिनिटांमागे २४ सेकंदांचा फरक पडतो, आणि मग "तुमचं सिंक चुकलंय" असं तुम्हालाच ऐकावं लागतं. आणि चौथं, भाषांतरित स्क्रिप्ट मूळ वाक्यापेक्षा लांब असते बऱ्याचदा. ६ सेकंदांच्या जागेत ९ सेकंदांचं वाक्य घुसडायचं म्हणजे एकतर धावत वाचायचं किंवा वाक्य छाटायचं. छाटणं म्हणजे स्क्रिप्ट एडिटिंग, ते वेगळं काम, त्याचा वेगळा पैसा. माझा नियम असा की वाक्यागणिक सिंक असेल तर दर तयार मिनिटाला आवाजाच्या रेटवर अर्धा रेट अजून, कारण मोजल्यावर वेळच तेवढा लागतो असं निघालं. तुमचं मोजून ठरवा.

बॅकग्राउंड म्युझिक आणि इफेक्ट. ह्यात तीन खर्च असतात आणि तिघांना एकत्र कालवू नका: म्युझिक शोधण्याचा वेळ, म्युझिकचं लायसन्स, आणि मिक्सिंग, म्हणजे आवाज आणि म्युझिक एकमेकांत नीट बसवणं. शोधण्यात किती वेळ जातो हे ज्याने केलंय त्यालाच माहीत, म्हणून "तीन पर्याय पाठवेन, त्यातला एक निवडायचा, चौथ्यापासून वेगळे पैसे" असं आधीच सांगा. लायसन्सबद्दल तर नवीन लोकांनी खूप सांभाळून राहावं. रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट नाही, एकदा पैसे भरले की प्रत्येक वापराला पुन्हा भरायचे नाहीत एवढाच त्याचा अर्थ. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये (बनवणाऱ्याने ठराविक अटींवर वापरायला मोकळं ठेवलेलं काम) पण ज्यावर नॉन-कमर्शियल अट आहे ते जाहिरातीत वापरता येत नाही, आणि जिथे श्रेय देण्याची अट आहे तिथे क्लायंट श्रेय छापणार आहे का हे विचारावं लागतं. सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे ट्रॅक निवडून झाला की लायसन्स क्लायंटने स्वतःच्या नावावर घ्यायचं आणि फाइल आपल्याला पाठवायची. उद्या यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम आला तर कागद त्यांच्याकडे असतो. ते शक्य नसेल तर लायसन्सची रक्कम कोटमध्ये वेगळ्या ओळीत, आणि ती कामाच्या आधी घ्यायची.

मास्टरिंग, म्हणजे ठराविक स्पेकमध्ये (पातळी, फॉरमॅट वगैरेच्या ठरलेल्या अटींत) फाइल देणं. एक स्पेक मूळ रेटमध्ये, दुसऱ्यापासून दर व्हर्जन पैसे. इथे थोडे आकडे पाठच करा, कारण क्लायंट आकडे टाकतो आणि आपण गप्प बसलो की तो आपल्याला कच्चा समजतो. युरोपच्या टीव्हीचं आर-१२८ म्हणजे उणे २३ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप). अमेरिकन टीव्हीचं उणे २४. ॲपल पॉडकास्ट उणे १६ च्या आसपास सुचवतं. ऑडिओबुकसाठी एसीएक्सला (ऑडिबलवर ऑडिओबुक आणणारा प्लॅटफॉर्म) आरएमएस, म्हणजे सरासरी पातळी, उणे २३ ते उणे १८ डीबीच्या मध्ये, पीक, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, उणे ३ च्या वर नको, आणि शांततेतला नॉइज उणे ६० च्या खाली, फाइल ४४.१ किलोहर्ट्झ आणि किमान १९२ केबीपीएस एमपीथ्री. आयव्हीआरची, म्हणजे फोनवरच्या "एक दाबा, दोन दाबा"ची फाइल बऱ्याच सिस्टिमला ८ किलोहर्ट्झ मोनो लागते, त्यात ३,४०० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं जातं, त्यामुळे स, श आणि फ एकमेकांत मिसळतात, म्हणून ती एकदा बदलून ऐकून मगच पाठवायची. हा ऐकण्याचा वेळ पण हिशोबात धरा. स्टुडिओ सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये सगळ्या फाइली एकदम बदलून देतं हे खरं, पण योग्य आकडा कुठला हे ठरवण्याचे आणि चुकलं तर जबाबदारी घेण्याचे पैसे असतात.

दुसऱ्याचं ऑडिओ साफ करणं. एकदा तुम्हाला एडिटिंग येतं हे कळलं की क्लायंट म्हणतो, आमच्या साहेबांचं भाषण मोबाइलवर रेकॉर्ड केलंय, तेवढं जरा स्वच्छ करून द्या. न ऐकता कधीही कोट देऊ नका. एसीचा एकसारखा घरघर आवाज निघतो, पण मोठ्या हॉलचा घुमारा आणि फाटलेला आवाज, म्हणजे क्लिपिंग, हे कमी होतं, पूर्ण जात नाही. एक मिनिटाचा नमुना मागा, तो साफ करून परत पाठवा, त्या मिनिटाला किती वेळ लागला त्यावरून पूर्ण फाइलचा आकडा सांगा. नमुना ऐकून क्लायंट हो म्हणाला की अपेक्षा पण ठरून जाते.

पिकअप आणि रिटेक, म्हणजे दिलेल्या रेकॉर्डिंगमधला एखादा तुकडा किंवा सगळंच पुन्हा रेकॉर्ड करून देणं. माझी चूक असेल, शब्द गाळला, उच्चार चुकला, तर कितीही वेळा फुकट आणि लगेच. क्लायंटने स्क्रिप्ट बदलली तर पैसे. टोन आवडला नाही तर एक राउंड मूळ रेटमध्ये, पण त्यासाठी सगळे बदल एकाच मेलमध्ये एकत्र यायला हवेत. एक ओळ बदलायला पण माइक लावायचा, जुन्या आवाजाशी पातळी आणि मूड जुळवायचा, फाइल उघडून बसवायची, म्हणजे अर्धा तास गेलाच, म्हणून पिकअपला मिनिमम चार्ज हवा, शब्दावर मोजू नका.

लाइव्ह सेशन जिथे डायरेक्टर ऑनलाइन ऐकत असतो तिथे तासाने बुकिंग, उशीर त्यांच्याकडून झाला तरी घड्याळ चालू. अर्जंट कामाला टक्केवारी, मी २५ ते ५० लावते, आणि ती आवाज व एडिटिंग दोन्हीवर लागते, नुसत्या आवाजावर नाही.

चौथं: वापराचे पैसे ह्यात मिसळू नका

जाहिरात कुठे चालणार, किती महिने चालणार, त्याचे जे पैसे असतात ते आवाजाचे. एडिटिंगचे पैसे एकदाच. मोठा क्लायंट आहे, टीव्हीवर चालणार आहे, म्हणून फाइल कापण्याचा रेट वाढवणं बरोबर नाही, आणि उलट "एडिटिंगला एवढे दिले ना" म्हणून पुढच्या वर्षीचा वापर फुकट सोडणं तर अजिबात नाही. जीव्हीएए (ग्लोबल व्हॉइस ॲक्टिंग अकॅडमी) सारख्यांच्या रेट गाइडमध्ये बघा, वापराचे पैसे कामाच्या प्रकारानुसार आणि मुदतीनुसार मांडलेले असतात. ती मांडणी शिकण्यासारखी आहे, आकडे मात्र तुमच्या बाजाराचे तुम्हीच ठरवायचे.

पाचवं: कोटमध्ये ओळी वेगळ्या करा

समजा २० मिनिटांच्या नॅरेशनचा आवाजाचा रेट १०० धरला. आधीच्या त्या ८० स्लाइडच्या कामाचा कोट आज मी असा लिहीन:

नॅरेशन, २० मिनिटांपर्यंत, क्लीन ऑडिओ: १००
८० फाइल कापणं आणि नावं देणं (५ समाविष्ट, ७५ चे पैसे): २५
दुसरं व्हर्जन, फोनच्या फॉरमॅटमध्ये: १०
टोनबद्दल बदलांचा एक राउंड: समाविष्ट
स्क्रिप्ट किंवा स्लाइडचा क्रम बदलल्यास: दर वेळी किमान १५, अधिक दर फाइल
एकूण: १३५

"समाविष्ट" असं लिहिलेली ओळ काढून टाकू नका. जी गोष्ट तुम्ही फुकट देताय ती पण ओळ म्हणून दिसू दे. ओळखीचा क्लायंट आहे आणि फाइल स्प्लिट ह्या वेळी सोडायचंय? मग २५ लिहा आणि खाली सूट २५ लिहा. नाहीतर पुढच्या वेळी त्याला ते नेहमीचंच वाटतं, आणि ती त्याची चूक नाही, आपण कधी सांगितलंच नाही.

पॅकेज करायचं तर नंतर करा, दहा-बारा कामं झाल्यावर, जेव्हा दिसायला लागेल की ई-लर्निंगवाल्यांना नेहमी हे तीनच लागतं. आधीच पॅकेज बनवलं की आत काय आहे ते आपल्यालाच आठवत नाही.

सहावं: "एवढंसं तर आहे" म्हटल्यावर काय बोलायचं

हे होणारच. रागावू नका, बहुतेक वेळा समोरच्याला खरंच माहीत नसतं. मी साधारण असं लिहिते: "हो, करून देते. हे मूळ कोटमध्ये नव्हतं, ह्याला साधारण दोन तास लागतील, त्याचे इतके होतील. हो म्हणालात की सुरू करते, उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल." हो आधी, आकडा मध्ये, तारीख शेवटी. आणि उत्तर येईपर्यंत काम सुरू करायचं नाही, हे सगळ्यात अवघड जातं कारण आपल्याला वाटतं पटकन करून टाकू. केलेल्या कामाचे पैसे नंतर मागणं आणि करायच्या कामाचे आधी सांगणं, ह्यात दुसरंच सोपं पडतं.

बजेट खरंच कमी असेल तर रेट कमी करण्याऐवजी काम कमी करा. ८० फाइलींऐवजी एक लांब फाइल, प्रत्येक स्लाइडनंतर दोन सेकंदांची शांतता ठेवून, कापणं त्यांच्या टीमने करायचं. बऱ्याच लोकांना हे चालतं.

सातवं: जे जमत नाही ते दुसऱ्याकडून करून घ्या

मिक्सिंग चांगलं येत नसेल तर एडिटर शोधा आणि त्याचे पैसे धरून कोट द्या. वर १५-२० टक्के तुमचे ठेवण्यात काही गैर नाही, कारण फाइल तपासणं, निरोप देणं-घेणं, उशीर झाला तर क्लायंटला तोंड देणं हे तुम्हीच करणार. पण क्लायंटची स्क्रिप्ट गोपनीय असेल तर दुसऱ्याला द्यायच्या आधी क्लायंटची परवानगी घ्या, आणि एडिटरचे पैसे क्लायंटचं पेमेंट येईपर्यंत अडवून ठेवू नका. त्याला पहिल्यांदा काम देताना दोन मिनिटांचा तुकडा पैसे देऊन करून घ्या, तो हेडफोनवर पूर्ण ऐका, मग बाकीचं द्या.

आणि एक राहिलं, प्रोजेक्ट फाइल. कधीतरी क्लायंट तयार ऑडिओबरोबर पूर्ण सेशन मागेल, सगळे ट्रॅक, सगळे टेक, सेटिंग सकट. ती डिलिव्हरी नाही, ती तुमची कार्यशाळा आहे. द्यायची असेल तर वेगळी किंमत लावून द्या, त्यातले वाया गेलेले टेक आधी काढून टाका, आणि त्या टेकचा वापर फक्त ह्याच प्रोजेक्टसाठी, कुठल्याही आवाज बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला शिकवण्यासाठी नाही, ही ओळ कोटमध्ये घाला. माझ्या प्रत्येक कोटमध्ये ती ओळ आता सगळ्यात खाली असते, कुणी सेशन मागो वा न मागो.